जपानी शिन-हांगा निसर्गचित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकडी ठशांवरून छापलेल्या जपानी निसर्गचित्रांविषयी जे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात हिरोशी योशिदा यांच्या एखाद्या चित्राने होते. त्यामुळे उत्तरांमध्येही त्यांना अधिक जागा मिळाली आहे, आणि ती मिळणे मला योग्यच वाटते. जेथे दोन उत्तरांचा संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिन-हांगा म्हणजे नेमके काय? उकियो-ए आणि शिन-हांगा एकच का?

नाही. ‘हांगा’ म्हणजे ठशावरून छापलेले चित्र आणि ‘शिन’ म्हणजे नवे. उकियो-ए ही एदो काळातील, म्हणजे साधारण सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतची लोकप्रिय परंपरा होती. नट, गणिका, पैलवान आणि पुढे प्रसिद्ध स्थळे हे तिचे विषय. छायाचित्रे, शिळाप्रेस आणि वृत्तपत्रे आल्यावर ही परंपरा झपाट्याने ओसरली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तोक्योतील प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी तिची जुनी कार्यपद्धती हेतुपूर्वक पुन्हा उभी केली. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशी चौघांची साखळी त्यांनी कायम ठेवली, पण चित्रे मात्र पाश्चात्त्य चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या नव्या पिढीकडून काढून घेतली. १९१५ साली फ्रिट्झ कापेलारी या ऑस्ट्रियन चित्रकाराची चित्रे छापून त्यांनी आरंभ केला, ही बाब या चळवळीच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगते.

याच काळात ‘सोसाकु-हांगा’ नावाचा दुसरा प्रवाह होता. त्यातील कलावंत आपले चित्र स्वतःच कोरत आणि स्वतःच छापत. पत्रांमध्ये या दोन्हींची अनेकदा गल्लत झालेली दिसते.

२. या चित्रांत पाश्चात्त्य प्रभाव आहे असे सगळे म्हणतात, पण तो चित्रात नक्की कुठे पाहायचा?

प्रथम सावली शोधावी. जुन्या उकियो-एमध्ये रात्र दाखवायची असेल तर आकाशात चंद्र किंवा माणसाच्या हातात कंदील असे. वस्तूंवर मात्र प्रकाश सर्वत्र सारखाच पडलेला असे, आणि माणसाची सावली जमिनीवर क्वचितच पडे. शिन-हांगा निसर्गचित्रात प्रकाशाला दिशा असते. उन्हात आलेली भिंत आणि आडोशाची भिंत यांचा रंग वेगळा असतो, आणि त्या फरकावरून दिवसाची वेळ कळते.

त्यानंतर बाह्यरेषा पाहावी. पारंपरिक चित्रात काळ्या रेषेचा ठसा हा मुख्य ठसा असतो आणि रंग त्या रेषांच्या चौकटीत भरलेले असतात. योशिदांच्या दूरच्या डोंगरांना काळी रेषा जवळपास नसतेच. रेष असली तर ती फिकट तपकिरी किंवा निळसर छापलेली असते, म्हणून ती रंगात विरघळते. दूरचे पदार्थ फिके, निळसर आणि अस्पष्ट होत जातात, ही युरोपीय निसर्गचित्रकारांची हवेच्या थरांची जाण येथे लाकडात कोरून आणलेली आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे करड्या रंगाचा स्वतंत्र ठसा. रंगांच्या खाली किंवा वर या ठशाची छाप घेतली की चित्राला जलरंगातील छटांसारखी खोली येते. नवख्या नजरेला हा थर दिसत नाही, पण तो काढून टाकला तर तेच चित्र एकदम सपाट वाटेल.

आणि तरीही चित्राची मांडणी बहुधा जपानीच राहते. मोठी मोकळी जागा, कडेला कापली गेलेली फांदी, उंचावरून पाहिलेले दृश्य, एखाद्या विशिष्ट ऋतूचा विशिष्ट क्षण, हे सारे एकोणिसाव्या शतकातील उकियो-ए निसर्गचित्रकार हिरोशिगे यांच्या घराण्यातले आहे. पाश्चात्त्य प्रकाश आणि जपानी रचना यांचे हे एकत्र नांदणे म्हणजेच या चित्रांचा प्राण, असे माझे मत आहे.

३. म्हणजे आधीची चित्रे शुद्ध जपानी होती आणि विसाव्या शतकात ती पाश्चात्त्य झाली, असे समजायचे का?

असे समजू नये. हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. १७४०च्या सुमारास ओकुमुरा मासानोबु आणि त्यांचे समकालीन ‘उकि-ए’ नावाची चित्रे छापत होते, ज्यांत नाट्यगृहांची आणि दिवाणखान्यांची आतली दृश्ये युरोपीय यथादर्शनाच्या नियमांनी, दूर एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषांनी रेखाटलेली असत. देश परकीयांना जवळजवळ बंद असताना नागासाकीच्या डच वखारीतून आणि चिनी चित्रांमार्फत ही पद्धत तेथे पोहोचली होती.

होकुसाई यांच्या फुजी पर्वताच्या ३६ दृश्यांच्या मालिकेचे (प्रत्यक्षात पुढे दहा जोडून ती ४६ चित्रांची झाली) सर्वांत ठळक वैशिष्ट्य असलेला गडद निळा रंगही युरोपीयच. अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये शोध लागलेला प्रशियन निळा १८३०च्या आसपास जपानी ठसाचित्रांत मोठ्या प्रमाणावर आला, आणि बर्लिनवरूनच त्याला तेथे ‘बेरो’ म्हणू लागले. या निळ्याशिवाय हिरोशिगेचे आकाश आणि होकुसाईची लाट यांची कल्पना करता येत नाही.

मग उलटा प्रवाह सुरू झाला. हीच चित्रे युरोपात पोहोचली, आणि १८८७ साली व्हॅन गॉग हिरोशिगेच्या चित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती करत होते. ज्या युरोपीय चित्रकलेकडून योशिदांची पिढी शिकली, ती चित्रकला स्वतः जपानी ठशांकडून शिकून आलेली होती. कोणाचे किती, असा हिशेब येथे लागत नाही.

मधला दुवा बहुतेकांना ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. कोबायाशी कियोचिका यांनी १८७६ ते १८८१ या काळात बदलत्या तोक्योची ‘कोसेन-गा’, म्हणजे प्रकाशकिरणांची चित्रे केली. रस्त्यावरचे गॅसचे दिवे, पावसात चकाकणारी वाट, आगीच्या उजेडात उजळलेले आकाश हे त्यांचे विषय. शिन-हांगातील रात्रीचा उगम येथे आहे.

४. हिरोशी योशिदा कोण होते?

हिरोशी योशिदा यांचा जन्म १८७६ साली क्यूशू बेटावरील कुरुमे येथे झाला. शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांची कुवत ओळखून त्यांना दत्तक घेतले, आणि योशिदा हे आडनाव त्यांना तेथून मिळाले. पुढे क्योतो आणि मग तोक्योत कोयामा शोतारो यांच्या चित्रशाळेत त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतले. कोयामा हे आंतोनियो फोंतानेझी या इटालियन निसर्गचित्रकाराचे शिष्य, त्यामुळे उघड्यावर बसून निसर्ग पाहण्याची शिस्त योशिदांकडे थेट परंपरेने आली.

१८९९ साली, तेवीस वर्षांचे असताना, ते मित्र नाकागावा हाचिरो यांच्यासह अमेरिकेला गेले. डेट्रॉइट आणि बोस्टन येथील प्रदर्शनांत त्यांच्या जलरंगचित्रांना चांगले गिऱ्हाईक मिळाले आणि त्या पैशावर त्यांनी युरोप पाहिला. १९०२ साली ‘ताइहेइयो-गाकाइ’ या चित्रकार-संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. डोंगर चढणे हे त्यांच्यासाठी चित्रकलेइतकेच महत्त्वाचे होते. धाकट्या मुलाचे नाव त्यांनी होदाका या शिखरावरून ठेवले.

ते ठशांकडे वळले ते चाळिशी ओलांडल्यावर, आणि स्वतःची कार्यशाळा काढली तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. ‘हे शिकायला आता उशीर झाला का’ असे विचारणारी पत्रे येतात, त्यांना मी दुसरे उत्तर देत नाही.

५. योशिदांनी वातानाबे यांच्याबरोबर काम केले की स्वतंत्रपणे?

दोन्ही. १९२० साली वातानाबे यांनी त्यांचे पहिले ठसाचित्र प्रसिद्ध केले आणि नंतर आणखी मोजकी चित्रे निघाली. १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतोचा महाभूकंप झाला. वातानाबे यांचे दुकान, ठसे आणि छापील साठा आगीत गेला. त्यात योशिदांचेही ठसे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस योशिदा आपली आणि सहकाऱ्यांची चित्रे विकण्यासाठी पुन्हा अमेरिकेला निघाले. तेथे त्यांना दिसले की तैलचित्रांपेक्षा ठसाचित्रांनाच मागणी आहे, आणि जुनी उकियो-ए चित्रे, अगदी सामान्य दर्जाचीसुद्धा, लोक आवडीने घेतात. याहून चांगले काम आपण करू शकतो, या निश्चयाने ते १९२५ साली परतले.

त्यानंतर त्यांनी स्वतः कोरणारे आणि छापणारे कारागीर नेमले, आणि प्रकाशकाची जागाही स्वतःच घेतली. चित्रकाराने प्रत्येक टप्प्यावर देखरेख ठेवायची, तर त्याला दोन्ही कामे हाताने करता आली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. १९२८चे ‘ओढा’ हे वेगवान पाण्याचे भव्य चित्र त्यांनी स्वतः कोरले. त्या पाण्याच्या शेकडो वळणांकडे पाहिले की हे काम त्यांनी दुसऱ्यावर का सोपवले नाही ते समजते.

६. एक चित्र छापायचे तर प्रत्यक्षात काय काय करावे लागते?

पातळ कागदावर काढलेले रेखाचित्र चित्राची बाजू खाली करून चेरीच्या फळीवर खळीने चिकटवतात आणि रेषा सोडून बाकीचे लाकूड कोरून काढतात. मूळ रेखाचित्र यात नष्ट होते. या रेषांच्या ठशावरून काही छापे काढतात, त्यांवर चित्रकार प्रत्येक रंगाची जागा दाखवतो, आणि मग दर रंगासाठी वेगळा ठसा कोरतात.

सर्व ठसे कागदावर नेमक्या जागी बसावेत म्हणून प्रत्येक फळीवर ‘केंतो’ नावाच्या दोन खाचा असतात, एक काटकोनी आणि एक सरळ. कागदाचा कोपरा पहिलीत आणि कड दुसरीत टेकवायची. एवढीशी ही युक्ती, पण रंगीत ठसाचित्रांची सगळी इमारत तिच्यावर उभी आहे.

कागद कोझो या तुतीच्या जवळच्या झुडपाच्या सालीच्या धाग्यांचा असतो. रंग पसरू नये म्हणून त्यावर सरस आणि तुरटीचा हात फिरवतात, आणि छापण्यापूर्वी तो ओलसर करून ठेवतात. रंग पाण्यातले असतात. छापणारा ब्रशने ठशावर रंग आणि तांदळाची थोडी खळ एकत्र घोळवतो, वर कागद ठेवतो आणि पाठीमागून ‘बारेन’ने, म्हणजे बांबूच्या पानात गुंडाळलेल्या गोल चकतीने, अंगाचा भार देऊन घासतो. येथे छापण्याचे यंत्र नाही. रंग कागदाच्या पृष्ठावर बसत नाही, तो धाग्यांत मुरतो.

आकाश वरती गडद आणि क्षितिजाकडे फिके होत जाते त्या रंगाच्या उतरणीला ‘बोकाशी’ म्हणतात. ती ठशात कोरलेली नसते. ठशाचा एक भाग ओला करून, रंग एका कडेला लावून छापणारा ती दर वेळी हाताने तयार करतो, म्हणून दोन प्रतींतील आकाश तंतोतंत सारखे नसते.

जुन्या चित्रांना दहा-वीस छापे पुरत. योशिदांच्या चित्रांना तीसहून अधिक लागणे नेहमीचे होते, आणि निक्को येथील योमेइमोन दरवाज्याच्या १९३७च्या चित्रासाठी ९६ छापे घेतले गेले. चित्र जितके मोठे तितका ओला कागद ताणला जाऊन खाचा चुकण्याचा धोका अधिक. त्यांच्या सर्वांत मोठ्या चित्रांची रुंदी सुमारे ८० सेंटिमीटर आहे, हे ध्यानात घेऊन ती पाहावीत.

७. ‘शिडाची होडी’ हेच चित्र सकाळचे, धुक्याचे, रात्रीचे असे वेगवेगळे दिसते. ही वेगवेगळी चित्रे आहेत का?

ठसे मुख्यतः तेच आहेत, रंग आणि छपाई वेगळी. १९२६च्या या संचात सकाळ, दुपारपूर्वीची वेळ, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र अशा सहा वेळा आहेत. मॅटरहॉर्न, अथेन्सचे अक्रोपोलिस आणि स्फिंक्स यांचीही दिवसाची आणि रात्रीची चित्रे त्यांनी अशीच केली.

युरोपीय दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार एकच विषय निरनिराळ्या वेळी पुन्हा पुन्हा रंगवत, पण त्यांना दर वेळी नवा कॅनव्हास लागे. योशिदांच्या ध्यानात आले की ठशात वस्तूचा आकार स्थिर राहतो आणि वेळ छापणाऱ्याच्या रंगांत राहते. होडी तीच, पाणी तेच, उजेड तेवढा बदललेला. लाकडी ठशाचे माध्यम ज्या गोष्टीसाठी तैलरंगापेक्षा अधिक योग्य आहे ती त्यांनी शोधून काढली, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच.

८. कावासे हासुई आणि योशिदा यांच्यात फरक कसा ओळखावा?

हासुई (१८८३–१९५७) अखेरपर्यंत प्रामुख्याने वातानाबे यांच्यासाठी काम करत राहिले. १९२३च्या आगीत त्यांच्या रेखाटनवह्या जळाल्या. त्यानंतर ते लांबच्या प्रवासाला निघाले आणि नव्याने वह्या भरल्या. त्यांची बाह्यरेषा अधिक ठाम, निळा अधिक खोल, आणि विषय अधिक घरगुती: पावसातली गल्ली, खिडकीतला एकच पिवळा दिवा, १९२५च्या झोजोजी मंदिराच्या चित्रातील छत्री धरून हिमवादळातून जाणारी स्त्री. योशिदा डोंगराच्या माथ्यावरून पाहतात, हासुई रस्त्यावर उभे राहून.

९. योशिदा भारतात आले होते हे खरे का? महाराष्ट्रातील एखादे स्थळ त्यांच्या चित्रांत आहे का?

खरे आहे. १९३०च्या अखेरीस थोरला मुलगा तोशी याला बरोबर घेऊन ते भारत आणि आग्नेय आशियाच्या प्रवासाला आले. तोशी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि पुढे तोही नामांकित ठसाचित्रकार झाला. दार्जिलिंगहून दिसणारे कांचनजंगा, वाराणसी, अमृतसर, आग्रा, फत्तेपूर सिक्री, उदयपूर, मदुराई आणि आपल्याकडील अजिंठा व वेरूळ या ठिकाणी त्यांनी रेखाटने केली, आणि परतल्यावर १९३१–३२ मध्ये त्यांवरून ठसाचित्रे छापली. ताजमहाल त्यांनी प्रश्न ७ मधील पद्धतीने दिवसा, धुक्यात आणि रात्री असा अनेकदा केला.

या मालिकेतील रंग त्यांच्या जपानी चित्रांपेक्षा निराळे आहेत. जपानची दमट, निळसर हवा येथे नाही. कोरडा, पिवळसर, किंचित धुळकट उजेड आहे. फत्तेपूर सिक्रीच्या चित्रात दगडी जाळीतून आत येणारा सोनेरी प्रकाश हाच खरा विषय आहे, बसलेली माणसे निमित्त. आपल्या परिचयाच्या दगडांकडे परक्या चित्रकाराने इतक्या नेमकेपणाने पाहिलेले असताना ही मालिका मराठी वाचकांना फारशी ठाऊक नसावी, याची मला खंत वाटते.

१०. आपल्याकडील रविवर्मा प्रेसची चित्रे आणि ही चित्रे एकाच प्रकारची का?

हेतूत साम्य आहे, तंत्रात नाही. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यात शिळांवरून, तेलकट शाईने आणि यंत्राच्या दाबाने छपाई होई. तेथेही दर रंगाला वेगळी शिळा लागे. पाश्चात्त्य छायाप्रकाश आणि देशी विषय यांचा मेळ दोन्हीकडे आहे; मात्र ओलिओग्राफ, म्हणजे तेथे छापले जाणारे चित्र, हे आधी रंगवलेल्या तैलचित्राची प्रत असते, आणि ठसाचित्राला असे मूळ बहुधा नसतेच. याचे परिणाम प्रश्न ११ मध्ये पाहा.

११. शेकडो प्रती निघत असतील तर यांना मूळ कलाकृती कसे म्हणायचे?

योशिदा प्रवासात जलरंगात अभ्यास करीत, पण तो अभ्यास म्हणजे ठसाचित्र नव्हे. पूर्ण चित्र कागदावर छाप उमटल्यावरच अस्तित्वात येते, म्हणून चित्रकाराच्या देखरेखीखाली निघालेली प्रत्येक छाप ही मूळच होय. मासिकातून कापलेले पान किंवा डिजिटल छपाई ही मात्र प्रतिकृती. भिंगातून पाहिल्यास यंत्रछपाईत ठिपक्यांची जाळी दिसते. हाताच्या छपाईत ती नसते, आणि कागदाच्या पाठीवर मुरलेला रंग व बारेनच्या खुणा दिसतात.

१२. माझ्याकडील योशिदांच्या चित्राच्या समासात सही आहे. ते त्यांच्या हयातीतील आहे हे कसे समजावे?

चित्राच्या डाव्या समासात ‘जिझुरी’ हा शिक्का आहे का ते पाहावे. त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वतः छापलेले’ असा आहे, पण व्यवहारात तो त्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीची खूण आहे. परदेशी गिऱ्हाइकांसाठीच्या प्रतींच्या खालच्या समासात ते शिसपेन्सिलीने रोमन लिपीत सही करत. चित्राच्या आतील ब्रशची जपानी सही वेगळी. १९५० साली त्यांच्या निधनानंतर कुटुंबीयांनी त्याच ठशांवरून प्रती काढल्या. त्यांत जिझुरी शिक्का सहसा नसतो, आणि पेन्सिलीसारखी दिसणारी सही शिक्क्याने उमटवलेली असते. भिंगाखाली पेन्सिलीची चमक आणि कागदात दबलेली रेघ दिसते का ते तपासावे.

अपवाद आहेत. वातानाबे यांच्याकडील आरंभीच्या चित्रांवर जिझुरी शिक्का असण्याचे कारणच नाही (प्रश्न ५). मरणोत्तर प्रत म्हणजे बनावट असेही नाही. ती त्याच ठशांवरची कसबी छपाई असते, किंमत मात्र कमी असते. समास कापून टाकलेल्या चित्राविषयी छायाचित्रावरून मत देणे मी टाळतो.

१३. मुंबईच्या हवेत असे चित्र भिंतीवर लावता येईल का?

लावता येईल, पण सतत नाही. पाण्यातले रंग उन्हाने उडतात, त्यांतही काही वनस्पतिजन्य लाल व जांभळे सर्वांत आधी. खिडकीसमोरची भिंत टाळावी, अतिनील किरण अडवणारी काच घ्यावी, आणि पावसाळ्यात चित्र बाहेरच्या ओलसर भिंतीवर मुळीच ठेवू नये. काच आणि कागद यांमध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट हवी, म्हणजे बुरशी धरण्याची शक्यता कमी होते.

चित्र पुठ्ठ्यावर पूर्णपणे चिकटवू देऊ नये. माझ्या एका हासुईच्या चित्राचे असे झाले आहे. चौकट करणाऱ्याने ते सपाट राहावे म्हणून सद्भावनेनेच मागून गोंद लावला, आणि आता कागदाच्या पाठीवरच्या बारेनच्या खुणा कधीच पाहता येणार नाहीत. चित्र जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने, केवळ वरच्या कडेला अडकवावे.

१४. ही चित्रे परदेशी गिऱ्हाइकांसाठी केलेली होती, मग ती अस्सल जपानी कशी?

बाजार परदेशी होता हे खरे. अमेरिकेतील ओहायोमधील टोलेडो कलासंग्रहालयाच्या १९३० आणि १९३६च्या प्रदर्शनांनी शिन-हांगाची कीर्ती झाली, आणि चित्रांत वीजतारा, कारखाने अभावानेच दिसतात, हा आक्षेपही रास्त आहे. तरीही योशिदांनी जपानच्या आल्प्समधील शिखरे प्रत्यक्ष चढून, उंचावर मुक्काम करून पहाटेची वाट पाहिली होती. १९२६च्या त्या डोंगरचित्रांतील बर्फावरचा गुलाबी उजेड गिऱ्हाइकाने सुचवलेला नाही. अस्सलपणाच्या प्रश्नाचे उर्वरित उत्तर प्रश्न ३ मध्ये आहे.

१५. माझ्या प्रतीतील आकाश पुस्तकातील चित्रापेक्षा बरेच फिके आहे. ती नकली आहे का?

केवळ यावरून तसे म्हणता येत नाही. तीन शक्यता आहेत. छापणाऱ्याने त्या दिवशी बोकाशी हलकी घेतली असेल (प्रश्न ६). ती वेगळ्या वेळेची, म्हणजे मुद्दाम वेगळ्या रंगांत छापलेली आवृत्ती असेल (प्रश्न ७). किंवा रंग उन्हाने उडाला असेल, आणि ही शक्यता तपासणे सर्वांत सोपे आहे. चौकटीच्या पुठ्ठ्याखाली झाकलेली कड पाहा. तेथे आकाश गडद असेल तर चित्र खरे असू शकते आणि उजेड मात्र जास्त झाला आहे; कड आणि मध्य सारखेच फिके असतील तर ते बहुधा तसेच छापलेले आहे.